पहिल्या साखळीवरची खिडकी

हेडक्लार्कांचा डावा पाय खडकाच्या खोबणीत होता. उजवा कुठे ठेवावा ते उमगत नव्हतं, आणि लोखंडी साखळी त्यांनी दोन्ही हातांनी अशी धरली होती, जणू ती सोडली तर कायमची दुरावेल.

"बाबा, येताय ना?" वरून लेकीने हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढे! बुटाची नाडी सुटलीय, बांधून आलोच."

नाडी घट्ट होती. धीर सुटला होता.

प्रकरण लेकीच्या लग्नाचं होतं. मुलगा दवाखान्यात नोकरीला, आजही ड्यूटीवर. त्याची आई मोकळ्या स्वभावाची. पण वडील निवृत्त ड्रिलमास्तर, आणि त्यांचं एकच पालुपद. "माणूस दिवाणखान्यात कळत नाही हो, डोंगरावर कळतो. एकदा सगळे मिळून चढू, मग तारखेचं बोलू." हेडक्लार्क "अवश्य, अवश्य" म्हणून मोकळे झाले. स्टुलावर चढलं तरी त्यांना गरगरतं, हे बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दोन महिने लेक स्वयंपाकघरात गुणगुणत होती. ते गुणगुणणं आपल्या पायांपायी थांबावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

डोंगर भलताच लोकप्रिय होता. त्यात रविवार. पायऱ्या संपल्या की उभा कातळ, कातळात माणूसभर रुंदीची घळ, आणि घळीत साखळी; वळणापलीकडे आणखी एक. चढणारे नि उतरणारे, दोघांनाही तीच वाट. पहिल्या साखळीच्या बरोबर मध्यावर टेबलाएवढा एक टप्पा होता. मास्तर आणि तिघी बायका पुढे गेल्यावर हेडक्लार्क कसेबसे त्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. 'देवा, माझी लाज गेली तर जाऊ दे. पोरीचं तेवढं होऊ दे.'

"काका, जाऊ का पुढे?" खालून एका बाईने विचारलं.

झालं ते इथेच. एकतीस वर्षं ते दाखल्यांच्या खिडकीत बसले होते. 'जाऊ का' असं कुणी विचारलं की त्यांच्या तोंडून जे निघायचं, तेच निघालं.

"थांबा. आधी वरचे उतरू द्या."

बाई थांबली. तिच्यामागचेही थांबले. वरून तिघं उतरले, आणि कुणाचं कोपर कुणाला लागलं नाही.

"आता तुम्ही या. पर्स पाठीवर घ्या. हं, पुढचे!"

अर्ध्या तासात रांग खालच्या झाडीपर्यंत गेली.

"काय चाललंय हो पुढे?"

"तपासणी असेल. साहेब बसलेत."

"कसली तपासणी?"

"ते साहेबांना माहीत. तुम्ही ओळखपत्र काढून ठेवा."

लोक खरोखरच ओळखपत्रं पुढे करू लागले. हेडक्लार्कांना ती नको होती. पण समोर आलेला कागद न बघता परत करायचा, हे त्यांना कधी जमलंच नव्हतं. "फोटो जुना आहे," ते एकाला म्हणाले. तो बिचारा ओशाळला. गुळगुळीत तळव्यांचे बूट मात्र ते सरळ माघारी धाडत.

"मी वर्षातून चारदा येतो इथे!" एक जाडजूड गृहस्थ तापले.

"येत असाल. तळवे दाखवा."

"माझे?"

"बुटांचे."

गृहस्थांनी बूट वर केला, स्वतःच पाहिला, आणि मागे वळले.

"साहेबांची जेवायची सुट्टी कितीला असते?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

शेवटी वनरक्षक आला. रांगेच्या कडेकडेने वर चढून त्याने विचारलं, "तुम्हाला कुणी बसवलं इथे?"

खोटं बोलायला आता अंगात बळच उरलं नव्हतं. "कुणी नाही. मला हलता येत नाहीये हो."

वनरक्षकाने खाली पाहिलं. दीडशे माणसं शांतपणे उभी होती. त्याने आवाज खाली आणला. "मोठ्याने बोलू नका. दर रविवारी इथे ढकलाढकली होते, कुणाचं ना कुणाचं तरी डोकं फुटतं. आज पहिल्यांदा कुणी ओरडलेलं नाही. पण वरच्या साखळीवर दुसरे साहेब कोण बसलेत?"

"दुसरे?"

"उतरणारे सांगतायत ना. 'एक-दोन, एक-दोन' करत लोकांना सोडतायत म्हणे."

हेडक्लार्कांनी कान दिला. वरून, वळणापलीकडून, करडा आवाज येत होता. "एऽक! दोऽन! पाय उचला!"

तो आवाज त्यांनी दिवाणखान्यात ऐकलेला होता.

पाऊण तासाने वनरक्षक ड्रिलमास्तरांच्या कमरेला दोर बांधून त्यांना घेऊन आला. मास्तरांचे ओठ पांढरेफटक पडले होते. "दोरावर एका वेळी एकच. आणि हे म्हणतायत, आता जरा बसू द्या. दुसरा माणूस घेऊन येतो," असं म्हणून तो खाली उतरला. टेबलाएवढ्या टप्प्यावर दोन व्याही खांद्याला खांदा लावून बसले.



"तीस वर्षं पोरं चढवली मी या डोंगरावर," मास्तर म्हणाले. "ती वर जायची. मी पायथ्याशी हजेरी घ्यायचो."

"मग हा आग्रह कशासाठी धरलात?"

"नुसतं बोलत होतो हो. बायको म्हणाली, एवढं बोलताय तर चला या रविवारी. मग माघार कशी घेणार?"

हेडक्लार्कांनी एका माणसाला वाट दिली. "आपण वर जाऊन आलो, असंच सांगू या."

"पण वर आहे काय?"

ते दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून हेडक्लार्कांनी उतरणाऱ्यांची चौकशी सुरू केली. "वर काय पाहिलंत? सविस्तर सांगा." एक म्हणाला तळं, दुसरी म्हणाली नुसतं धुकं, तिसऱ्याने वर माणसांखेरीज काही दिसलं नाही असं सांगितलं. हेडक्लार्क वैतागले. तिघांचे जबाब जुळत नव्हते.

इतक्यात बायका आल्या. पुढे विहीणबाई, झपाझप, मागे हेडक्लार्कांची बायको आणि लेक.

"वरून तळं काय सुंदर दिसतं, नाही?" मास्तर घाईघाईने म्हणाले.

"हो का?" विहीणबाई म्हणाल्या. "बरं, तारीख ठरली."

"ठरली? कुठे?"

"वर. दोन तास वाट पाहिली तुमची. येणारा जाणारा सांगत होता, दोन साहेब रस्त्यात लोकांना मदत करतायत. म्हटलं, त्यांच्या कामात कशाला खंड पाडा!"

"पण..." मास्तरांनी गळा साफ केला, "माणूस पारखायचा राहिला ना."

विहीणबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे.

"पारखले की. दोन्ही."

लेकीने बापाचा हात हातात घेतला. नुसता दाबला. हेडक्लार्कांना एकदम भरून आलं, आणि ते लपवायला त्यांनी खाली पाहिलं. ते पाहायला नको होतं.

वनरक्षक आपल्या सोबत्याला घेऊन आला. "चला, आधी कोण उतरतंय?"

"तुम्ही व्हा," हेडक्लार्क अदबीने म्हणाले. "मुलाकडचे आहात. मान तुमचा."

"छे छे, वयाने तुम्ही थोरले," मास्तर साखळीला बिलगत म्हणाले. "तुम्ही आधी."

"असं कसं? तुम्हीच."

"नाही हो, तुम्हीच."

विहीणबाई दोघांना ओलांडून उतरायला लागल्या.