मयूर बोट तपासतो

मयूर पाटलाला कोणी फसवू शकत नाही, असं मयूर पाटील स्वतःच सांगायचा. माजिवड्याच्या नाक्यावर वडापाव घेतानासुद्धा तो आधी शेजारच्या गिऱ्हाइकाचा चेहरा निरखायचा! त्यामुळे खाडीवर क्रूझ सुरू झाली आणि बायको करिश्मा म्हणाली, "रविवारी जाऊया," तेव्हा तो पलंगावर ताडकन उठून बसला.

"जाऊया काय? आधी चौकशी नको?"

चौकशी करता करता गडी हैराण झाला. नेटवर एकानं लिहिलेलं, 'सूर्यास्त अप्रतिम!' दुसऱ्यानं, 'डास अप्रतिम!' न्हावी म्हणाला जा, दूधवाला म्हणाला जाऊ नका. कूस बदलून बदलून मयूरनं चादरीचा पार दोर केला.

इकडे मयूरच्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारवर आलेलं. मग बोट कसली, बाल्कनीसुद्धा लांब! तरुणपणी ती मिठागरात राबलेली. सारा जन्म खाडीकाठी गेला, पण पाण्यातून आपली जागा कशी दिसते ते कधी पाहिलं नव्हतं.

"मना येकदा जावाचा हाय रं," ती म्हणाली. "तुजा इचार व्हईल तवर माजं गुडगं नवं व्हतील!"

शेवटी रविवारी संध्याकाळी तिघं धक्क्यावर पोचली. तिकीट काढायचं सोडून मयूरनं खिडकीत डोकं घातलं. "लाइफ जॅकेटं सगळ्यांना आहेत? बोट बुडली तर दुसरी आहे? संडासाला कडी आतून की बाहेरून?"

मागची रांग बोंबलायला लागली. मॅनेजर संदेश मात्र पांढराफटक पडला. मयूरला बाजूला घेऊन कुजबुजला, "साहेब, तपासणी उद्या होती ना?"

साहेब! ऑफिसात शिपाईसुद्धा त्याला 'ए मयूर' म्हणायचा. छाती पुरीसारखी टम्म फुगली. तो हो म्हणाला नाही, पण नाहीसुद्धा म्हणाला नाही.

झालं! दोघा खलाशांनी लक्ष्मीबाईंना अलगद खुर्चीसकट उचलून बोटीत पुढं बसवलं. करिश्मा लिंबू सरबत घेऊन मागोमाग गेली. "अहो, या ना!"

"आलोच! जरा जॅकेटं बघतो!"

तो धक्क्यावरच्या कोठीत जॅकेटांचे पट्टे ओढत बसला आणि बाहेर भोंगा वाजला. धावत येतो तर बोट सुटलेली!

"थांबवा! मी राहिलो!"

"टेन्शन नको साहेब," संदेश म्हणाला. "मदतीची बोटपण बघायचीय ना? तिच्यातूनच गाठू!"

मदतीची बोट म्हणजे आंघोळीच्या टबाची थोरली बहीण! संदेशनं इंजिन सुरू केलं. ते खोकलं, शिंकलं आणि निघालं. मयूर मात्र बसेना. उभ्यानंच हातवारे! "अरे, वळसा कशाला? त्या तिवरांच्या कडेनं मार शॉर्टकट!"

ओहोटी लागलेली संदेशला दिसत होती. पण साहेबापुढं बोलतो कोण?

फच्च! बोट चिखलात रुतली.

"बोलव ना मदत!"

"साहेब... मदत म्हणजे आपणच!"

तेवढ्यात क्रूझ झगमगत परत फिरली. मयूर दोन्ही हात वर करून नाचायला लागला. तिकडून माइक घुमला, "उजव्या हाताला बघा, आपले तपासणी साहेब! जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. करिश्मानं हसून हात हलवला. बोट निघून गेली.

मयूरचा धीर सुटला. "संदेश, मी साहेब-बिहेब नाही रे. सैर करावी की नाही, एवढंच बघत होतो."

संदेशनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "असं? मग उतर खाली आणि ढकल!"

मयूर कमरेपर्यंत चिखलात उतरला. डासांनी सगळं गोत जेवायला बोलावलं! शेवटी एका मासेवाल्यानं दोर टाकून दोघांना ओढून आणलं.

धक्क्यावर लक्ष्मीबाई बाकावर बसली होती. चिखलाचा पुतळा समोर येऊन उभा राहिला, तरी तिची नजर पाण्यावरच.

"मिठागराची जागा दिसली रं," ती हळूच म्हणाली. "रान माजलंय तिथं. पन तुज्या बापसाची झोपरी व्हती, तो उंचवटा मी वलखला."

मयूरनं तोंडावरचा चिखल पुसला. त्यानं विचारलं, "म्हणजे जाण्यासारखं आहे तर! मग मीपण जाऊ एकदा?"

"तू नको," लक्ष्मीबाई म्हणाली. "बोटीत गप बसावा लागतं!"