सरगुरापलीकडील वाटेचा संग्राम, अथवा नसलेल्या दोन घोड्यांची हकीकत

ज्या म्हैसूर शहरावर चामुंडेश्वरीचे कृपाछत्र आहे ऐसे तेथील लोक मानितात (ते छत्र कोणी मोजून पाहिल्याचे आढळत नाही), त्या शहरी, राज्यांची फेररचना होऊन दोन पिढ्या लोटल्यावर, जेव्हा तरवारी भिंतीवर आणि शौर्य जिभेवर उरले होते, तेव्हा दोन मातबर मराठे सरदार सरगुरापलीकडील राखीव अरण्यात एकमेकांसमोर उभे ठाकले, त्याची हकीकत पुसाल तर येणेप्रमाणे. ऐकिले ते ऐकिले म्हणून आणि घडले ते घडले म्हणून लिहिले आहे. दोहोंची भेसळ सरदारांणी स्वमुखे आधीच करून ठेविली होती. ती निवडून काढण्यातच शाई खर्ची पडली.

त्या शहराच्या नजरबाद भागी राजमान्य राजेश्री भुजंगराव, विमा कचेरीतून निवृत्त, रक्तदाबाचे मनसबदार, नित्य पायी फिरण्याबद्दल ख्यात. त्याच शहराच्या विजयनगर भागी राजमान्य राजेश्री खंडोजीराव, बँकेतून निवृत्त, गियरांच्या सायकलीचे धनी, शिरी टोप आणि अंगी इतका तंग पोशाख की श्वास घेण्यासही परवानगी लागावी. दोघांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या रिसाल्यात स्वार होते, आणि दसऱ्याच्या स्वारीत आपल्याच पणजोबांचा घोडा पुढे असे हा दोघांचाही दावा. पुरावा तपासिला असता भुजंगरावांकडे एक गंजलेली रिकीब निघाली, जी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावितात. आणि खंडोजीरावांकडे एक तसबीर निघाली, जींत घोडा स्पष्ट आहे आणि स्वार चौकटीबाहेर आहे. एवढ्यावरून घोडा होता इतके सिद्ध होते. पुढे की मागे, हे होत नाही. खुद्द दोघांपैकी एकानेही कधी घोड्यावर मांड घातलेली नाही. भुजंगराव बाळपणी टांग्यात बसले होते, तेही मागे तोंड करून.

ऐशा या दोन घराण्यांत सोयरीक ठरू घातली. भुजंगरावांची कन्या जयलक्ष्मी, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारी. खंडोजीरावांचे चिरंजीव वेंकोजीराव, पुलांचे आराखडे करणारे इंजिनियर. कन्येने शर्त घातली की मुलाशी एकांती बोलल्यावाचून होकार देणार नाही. आणि मग कोणी कोणाच्या घरी आधी जावे यावर मसलत अडली, कारण आधी जाणाऱ्याचा मान जातो. आणि मग परक्या मुलखात भेटावे ऐसे ठरले, आणि अरण्यातील टेहळणीचा मनोरा मुक्रर जाहला. त्या वाटेने पायी चालणारे, सायकलवाले आणि वाडीची गुरे ऐसे सर्वच जातात, आणि सूर्यास्ताआधी फाटक बंद होते, सबब बोलणे त्याआधी होणे जरूर.

रविवारी उभय फौजांणी कूच केले. भुजंगराव, त्यांचे कुटुंब गोदावरीबाई, कन्या आणि चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा ऐसे अलीकडील फाटकाने पायी शिरले. खंडोजीराव सपुत्र पलीकडील फाटकाने सायकलींवर आले, मनोऱ्यापाशी आधी पोहोचले आणि थांबले. आणि थांबावे लागणे हाच अपमान ऐसे ध्यानी येऊन, पुत्राची सायकल मनोऱ्याखाली ठेवून, त्यास पायी मागे घेऊन स्वतः मुलीकडच्यांवर चालून गेले. दोन्ही बाजूंस घाणेरीची दाट झुडपे आणि मध्ये वाट, ऐशा ठिकाणी गाठ पडली.

खंडोजीरावांणी सायकलीवरून न उतरता फर्माविले, "काय री बीगरे, वाट सोडा की." री म्हणजे अहो आणि बीगरे म्हणजे व्याही, ऐसे त्या कानडी मुलखातील संबोधन. त्यावर भुजंगराव म्हणाले, "बीगरे म्हणायचं अजून ठरलेलं नाही. आधी खाली उतरा."

येथे नमूद केले पाहिजे की मनोरा खंडोजीरावांच्या पाठीमागेच होता, आणि सायकल वळविली असती तर युद्धाचे कारण उरले नसते. परंतु वळणे म्हणजे पाठ दाखविणे, आणि सरकणे म्हणजे शरण जाणे. ऐशा दोन व्याख्या एकदा कबूल केल्या की बुद्धीस काम राहत नाही.

त्या ठिकाणी वनखात्याची पाटी होती आणि तीवर चित्रे होती: सायकलवाल्याने पायी चालणाऱ्यास वाट द्यावी, आणि दोघांणी घोड्यास द्यावी. घोडा खात्याने गस्तीसाठी योजिला होता, तो अद्याप आला नाही. भुजंगरावांणी पाटीकडे बोट करून फत्ते जाहली ऐसे जाहीर केले. तेव्हा खंडोजीरावांणी उत्तर दिले की आमचे घराणे स्वाराचे, सायकल हा हल्लीचा घोडा, सबब आम्ही चित्रातील घोड्याचे जागी. मग भुजंगराव म्हणाले की घोडा रक्तात असतो, टायरात नव्हे. रिकीब आमचे घरी आहे. सबब आम्ही पायी असलो तरी घोड्यावरच आहो. येणेप्रमाणे, नसलेल्या दोन घोड्यांत वडील घोडा कोणता, यावर मोर्चे कायम जाहले. खंडोजीरावांणी निर्वाणीचे सांगितले की वाट न मिळाल्यास सोयरीक मोडली. भुजंगराव म्हणाले, मोडली तर मोडली.

गोदावरीबाई दगडावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अय्यो, दोघंही अर्धं अर्धं पाऊल सरका की! चित्रान्न आंबतंय इथं." हा तहाचा मसुदा उभय पक्षांणी फेटाळिला.

मग खंडोजीरावांचे पाय भरून आले आणि ते उतरले, तथापि सायकल आडवी टाकणे म्हणजे घोडा पडल्याचे कबूल करणे, सबब ती वाटेच्या ऐन मधोमध उभी धरून ठेवण्याचा हुकूम वेंकोजीरावांस जाहला. ते धरून उभे राहिले. उन्हे कलली आणि ते उभेच राहिले. मग जयलक्ष्मी त्यांजपाशी गेली. एकांत नव्हता, परंतु दोन्ही सरदार आपापल्या पणजोबांत गुंतले असल्याने कोणाचे लक्ष नव्हते.

"स्टँड नाही का त्याला?"

"आहे की."

"मग?"

"अप्पांनी धर म्हणून सांगितलं."

"लग्न झाल्यावर काय काय धरायला सांगतील, ते विचारून ठेवलंय का?"

वेंकोजीरावांणी सायकल दुसऱ्या हाती धरिली. जयलक्ष्मीने सूर्याकडे पाहिले आणि मग आईस म्हणाली, "डबा भर, अम्मा. परत जाऊ. काय बघायचं ते बघून झालं." आणि ती वळली.

इतक्यात रानात फांद्या मोडल्याचा मोठा आवाज उठिला. भुजंगराव ओरडले, "आने! आने!" म्हणजे हत्ती; पाहिले कोणीच नव्हते. आणि खंडोजीरावांणी डावीकडे आणि भुजंगरावांणी उजवीकडे घाणेरीत ऐशी उडी घेतली की उभय घराण्यांच्या इतिहासात तितकी चपळाई पूर्वी नोंदलेली नाही.

खंडोजीराव झुडपातून ओरडले, "वेंकू, सायकल सोडू नको!" आणि वेंकोजीरावांणी बापाच्या हुकमाचा भंग त्या दिवशी प्रथम केला. पायाने स्टँड खाली केला, सायकल उभी केली, धावत जाऊन गोदावरीबाईंस हात देऊन उठविले आणि त्यांस व जयलक्ष्मीस सागाच्या जाड बुंध्याआड नेले.

हत्ती आला नाही. वाडीच्या म्हशी आल्या, पुढे मोडक्या शिंगाची एक थोराड, आणि मागून गुराखी बाई, "दारी बिडी, स्वामी!" म्हणजे वाट सोडा, ऐसे ओरडत. ज्यांस उद्देशून ती ओरडली त्यांणी वाट कधीच सोडिली होती. म्हशींणी मधोमध उभी सायकल पाहिली, तिचा वंश पुसला नाही, आणि दोन्ही बाजूंणी निवांत निघून गेल्या.

जयलक्ष्मी म्हणाली, "बघा हो. दोन दोन म्हशी जातायत जोडीनं."

"आणि मध्ये सायकल सोडून," वेंकोजीराव म्हणाले. मग मघाच्या सवालास जबाब दिला, "विचारून नाही ठेवलं. पण यापुढं स्टँड लावत जाईन."

ती हसली, आणि दोघे मनोऱ्याकडे चालू लागले. काय बोलले ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते लिहिण्याची चाल या लेखनात नाही. मागे गोदावरीबाईंणी दोघा सरदारांस काट्यांतून सोडविले. उभयतांचे अंगी गोचिडी निघाल्या, त्यांणी घराण्यांत भेद केला नाही.

फाटक बंद होण्याआधी सर्व बाहेर आले आणि कन्येने होकार दिला. फत्ते उभय पक्षांची नोंदली आहे: दोघेही म्हणतात की आपण हत्तीस वाट दिली, व्याह्यास दिली नाही. हत्ती नव्हता हे दोघांसही सांगून पाहिले, उपयोग नाही. प्रत्यक्ष साक्षी म्हशी होत. त्या बोलत नाहीत, म्हणून एवढ्या हकीकतीत त्यांचीच साक्ष निर्दोष.

पुढे लग्नाचा मुहूर्त धरिला, आणि मांडवाच्या दारातून कोणाचा मान आधी, हा प्रश्न दोन्ही घरी उठू लागला, आणि मांडववाला दाराची रुंदी पुसू आला. तेव्हा वधूचा हुकूम जाहला की दोन म्हशी जोडीने जातील इतकी ठेवावी. आणि त्या मापात आपली योग्यता अचूक धरिली गेली ऐसे वाटून उभय सरदारांस परम संतोष जाहला.