सिताबाईंशी बोलणं चालू आहे

पाणीपुरवठा उपविभागाचं कार्यालय नव्या इमारतीत गेलं आणि टेलिफोन जुन्या इमारतीतच राहिला. उपविभाग धाराशिव जिल्ह्यातला, येडशीच्या बाजूचा. याहून जास्त पत्ता सांगणं संबंधितांच्या गैरसोयीचं आहे. नंबर बदलावा, तर तो गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर हातभर अक्षरांत रंगवलेला. फोन हलवावा, तर त्यासाठी नव्या इमारतीचा ताबा-दाखला हवा, आणि ताबा-दाखल्याच्या अर्जात नव्या इमारतीतला फोन नंबर भरणं सक्तीचं.

जुनी इमारत धोकादायक ठरलेली, म्हणून आत जायला मनाई. तिकडे फोन वाजायचा आणि इकडे उपअभियंता गौरीशंकर साहेब खिडकीत उभे राहून तो ऐकायचे. उचलायची परवानगीच नसलेल्या फोनइतकं सुख सरकारी नोकरीत दुसरं नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पण तपासणीचं पत्र आलं. नागरिकांचा फोन कार्यालयातच वाजला पाहिजे आणि तिथेच उचलला गेला पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. साहेबांना लातूरला बदली हवी होती. घर तिथं, बायको तिथं, आणि बदलीसाठी तपासणीचा शेरा चांगला लागतो. दोन इमारतींमध्ये वायर ओढावी, तर रामलिंगाच्या देवळाकडची माकडं तिच्यावर झोके घेतात. मात्र जमिनीखालून संगणकाची एक वायर आधीच टाकलेली होती. ती कागदविरहित कामकाजासाठी होती आणि त्या कामकाजाची फाइल अजून फिरत होती.

कंत्राटावरची निकिता दोन पांढरे डबे घेऊन आली. "हा डबा जुन्या इमारतीत. टेलिफोनची लाइन ह्याच्यात जाईल. आवाज संगणकाच्या वायरीनं इकडं येईल आणि ह्या दुसऱ्या डब्यातून तुमचा फोन वाजेल," तिनं समजावून सांगितलं.

"ह्यात वरिष्ठ कोण?" साहेबांनी विचारलं.

"तसं काही नसतं सर. इकडचा डबा तिकडच्याकडं नोंदणी करतो, एवढंच."

एक डबा दुसऱ्याकडे नोंदणी करतो हे ऐकून साहेबांचा तंत्रज्ञानावर विश्वास बसला.

जुन्या इमारतीतली मनाई कंत्राटी माणसांना लागू नव्हती. डबे जोडून निकिता चाचणी घेणार, तोच फोन खरोखरच वाजला. साहेब दचकले. आता परवानगी होती, त्यामुळे उचलणं भाग होतं.

"म्या सिताबाई बोलते, भैरवाच्या वस्तीवरून. आमच्याकडच्या पायपाचा व्हॉल बसलाय साहेब. नळाला टिपूस न्हाय, म्हशी वरडायल्यात."

"हो का? दोन मिनिटं हं बाई, विचारून सांगतो," म्हणत साहेबांनी होल्डचं बटण दाबलं आणि चहाला गेले. कुणाला विचारायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सिताबाई होल्डवर वाजणारी सनई ऐकत राहिली. मोबाइलचं चार्जिंग संपत आलं तसा तिनं फोन ठेवला.

इथे तंत्रज्ञानानं कमाल केली. पलीकडच्यानं फोन ठेवला की लाइनीत टूं-टूं वाजतं, आणि ते ओळखून डब्यानं कॉल संपवायचा असतो. हा डबा ज्या देशातून निघाला त्या देशाची टूं-टूं त्याला पाठ होती. आपल्याकडची त्यानं कधी ऐकलेली नव्हती. तो बिचारा सनई वाजवतच राहिला. त्यानंतर ज्यानं नंबर फिरवला, त्याला लाइन एंगेज लागली.

आठवडा उलटला. तपासणीच्या आदल्या दिवशी निकिता डबे बघायला आली आणि हबकली. "सर, तो कॉल अजून चालूच आहे. देशाची सेटिंग बदलायची राहिली. लगेच करते."

"थांबा," साहेब म्हणाले. "तुमच्या डब्याच्या मते आपण त्या बाईंशी अजून बोलतोय?"

"डब्याच्या मते. पण बाईंनी कधीच ठेवलाय फोन."

"तसं रेकॉर्डवर आहे का?"

रेकॉर्डवर नव्हतं. निकिताचं कंत्राट नूतनीकरणाला आलं होतं. तिनं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकाऱ्यांनी स्क्रीनवर तो कॉल पाहिला आणि ते गहिवरले. एका सामान्य नागरिकाला एवढा वेळ देणारं कार्यालय त्यांनी पाहिलं नव्हतं. प्रलंबित तक्रारी शून्य होत्या, कारण एकमेव तक्रारीवर संवाद सुरू होता.

पुढच्याच आठवड्यात सिताबाई पायपीट करत कार्यालयात आली. एक म्हैस दावणीला बसली ती उठलीच नव्हती. उरलेल्या दोघींसाठी ती लांबच्या विहिरीवरून घागरी वाहत होती.

"साहेब, किती दिस झालं फोन करायलेय. एंगेजच लागतोय."

"लागणारच. तुमच्याशीच बोलणं चालू आहे."

तिनं टेबलावरच्या गप्प फोनकडे पाहिलं. "कोण बोलायलंय? म्या तर इथं हुबी हाय."

"बाई, एकाच वेळी तोंडी आणि फोनवर बोलता येत नाही. नियम आहे."

महिन्याअखेरीस 'संवादशील कार्यालय' म्हणून उपविभागाचा गौरव झाला. साहेबांच्या हाती लातूरचा आदेश पडला. संवादातली नागरिक म्हणून सिताबाईला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. नारळ उराशी धरून तिनं माइकसमोर एवढंच विचारलं, "आन् पाणी?"

साहेब नम्रपणे पुढे झाले. "त्याबद्दल बोलणं चालू आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाजवणारे सगळे कोरड्या नळांच्या गावांतून आले होते. घरी जाऊन त्यांनी टाकीवरचा नंबर फिरवला, एंगेजचा आवाज ऐकला, आणि साहेब कामात असतील म्हणून समाधानानं फोन ठेवून दिला.

डब्यातली चूक एका सेटिंगनं सुटेल. एंगेजचा आवाज आला की आपणही तक्रार गिळून फोन ठेवतो, ती सेटिंग आपल्यात कुणी केली आणि ती बदलायची कशी, हे मात्र निकितालाही विचारून उपयोग नाही.