टिंब हललं नाही

घड्याळाच्या पाठीला दोन बारीक हिरवे दिवे होते. मनगटाला घट्ट टेकले की ते दिसेनासे होत. घड्याळ जरा उचललं की लुकलुकत. काटेसाहेबांनी ते आधी चष्म्यातून पाहिले, मग भिंगातून, आणि घड्याळ रुमालावर पालथं ठेवलं.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात जन्म काढल्यामुळे ते पडलं, आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. पडताळल्याशिवाय कुठलंही माप खरं मानायचं नाही, हा त्यांचा नियम. घड्याळ लेकीने पाठवलं होतं, म्हणून त्याला सूट मिळणार नव्हती. मग ते नाडीचे ठोके मोजो, की माणूस कुठे आहे ते उपग्रहाला विचारून नकाशावर टिंब देवो.

"बाबा, चालू केलंत का?" लेकीने फोनवर विचारलं. ठोके फार वाढले की घड्याळ तिच्या मोबाइलवर इशारा पाठवणार होतं.

"चालू आहे," काटेसाहेब म्हणाले. हे खोटं नव्हतं. घड्याळ चालूच होतं, बायकोच्या मनगटावर.

पडताळणीला स्थिर प्रमाण लागतं, आणि बायकोइतकं स्थिर त्या घरात दुसरं काही नव्हतं. तळमजल्यावरच्या बाई जागा सोडणार हे कळलं, तेव्हाही ती शांतपणे एवढंच म्हणाली होती, "अहो, आपण घ्यायची का ती? हे जिने आता होत नाहीत मला." काटेसाहेबांनी "विचार करू" म्हटलं. तळमजल्यावर ओल असते, आणि कपाटातल्या पितळी वजनांना ओल मानवत नाही. विचार तेव्हापासून चालू होता. बाई मात्र थांबायला तयार नव्हत्या. या आठवड्यात होय-नाही कळवा, दुसरे लोक मागे लागलेत, असा त्यांचा निरोप येऊन पडला होता.

पहिल्याच सकाळी घड्याळ गुन्हेगार ठरलं. बायकोचे ठोके दीडशेच्या घरात, आणि मोबाइलच्या नकाशावरचं टिंब त्यांच्याच इमारतीवर. तसूभरही हललेलं नाही.

"अगं, काय करत होतीस?"

"दूध आणलं खालून."

"म्हणजे कुठे गेली नव्हतीस."

"मी कुठे जातेय?" ती म्हणाली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

मग तिने खालून पेपर आणला. पेपर आल्यावर साहेबांना आठवलं की चष्मा खालच्या दुकानात राहिलाय. तोही तिने आणला. प्रत्येक वेळी ठोके उधळलेले, टिंब जागच्या जागी. काटेसाहेबांना फार दिवसांनी कामावर असल्यासारखं वाटलं. स्थिर माणसाला पळता दाखवणारं यंत्र! नोकरीत असते तर जप्तच केलं असतं.

फोन वाजला. "बाबा, काय करताय?"

"बसलोय."

"बसून इतके ठोके? छातीत दुखतंय का?"

"छाती ठणठणीत आहे. दोष घड्याळात आहे."

"आजोबाही गेले त्या दिवशी असंच म्हणाले होते!"

"त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं."

लेकीने फोन ठेवला. घड्याळ कुणाच्या हातात आहे हे तिला सांगावं, असं काटेसाहेबांच्या मनात आलं होतं. पण मग बोलणी खावी लागली असती, आणि पडताळणी अर्धवट राहिली असती. तोवर चहाची वेळ झाली. साखर संपली होती, म्हणून बायको पुन्हा खाली गेली.

पुढचं त्यांना मागाहून कळलं. लेकीने फोन करून बोलावलेल्या अँब्युलन्समधून आलेली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

"काकू, काटेसाहेब कुठे राहतात? हार्टचा पेशंट आहे."

काकू उठल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी स्ट्रेचरला मागे टाकून वर गेल्या.

"अहो!" बायको दारातच कठड्याला धरून उभी राहिली.

"आलीस? आण साखर."

मागोमाग ती दोघं आत शिरली. "काका, हलू नका. आडवे व्हा."

"मी कशाला आडवा होऊ?"

तेवढ्यात फोन वाजला. लेक रडत होती. "बाबा, ठोके अजून वाढले हो!"

"अगं, ते तुझ्या आईचे आहेत!"

"काय? आणि आईला काय झालं?"

"काहीही झालेलं नाही. थांब, सिद्ध करतो."

दोघांपैकी जाडा गृहस्थ खुर्चीत कोसळला होता. काटेसाहेबांनी बायकोच्या हातातलं घड्याळ काढून त्याच्या मनगटाला बांधलं. थोडा वेळ हिरवे दिवे चाचपडले. मग आकडा आला. तोही दीडशेच्या पुढे.

"पाहा! याही हातावर तेच. सपशेल सदोष."

"दोष कसला, साहेब?" जाडा कसाबसा म्हणाला. "चार मजले चढलोय. जीव जायची वेळ आली."

"पण टिंब तर—" काटेसाहेब बोलता बोलता थांबले. मोबाइलवरचा नकाशा त्यांनी चष्म्याजवळ धरला. नकाशा वरून काढलेला असतो. वरून पाहिलं की चारही मजले एकाच टिंबात मावतात.

त्यांनी त्या दोघांची माफी मागितली, घड्याळ स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि त्यांच्याबरोबर खाली गेले. अँब्युलन्स गेल्यावर वळून जिना चढायला लागले. एरवी सकाळी एकदा फिरून आले की दिवसभर ते घराबाहेर पाऊल टाकत नसत. पहिला मजला चढले. दुसऱ्यावर कठडा धरला. तिसऱ्याच्या वळणावर घड्याळ मनगटावर थरथरायला लागलं, आणि ते पायरीवर बसले.

बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून बायको उतरून आली. त्यांच्याकडे पाहिलं आणि शेजारी टेकली.

"मघाशी मीही इथेच बसले होते."

"दम... लागला होता?"

"दमही लागला होता. शिवाय तुमच्यापुढे बोलायचं कसं, ते जुळवत होते."

"तळमजल्याचं..." काटेसाहेबांनी सुरुवात केली, पण पुढचे शब्द धापेत गेले. ते वाक्य कुठे संपणार होतं, बायकोला माहीत नव्हतं. तिने वाट पाहिली नाही.

"साखर आणायला गेले होते ना, तेव्हा बाईंना होय सांगून आले," ती म्हणाली. "एक तारखेला आपण खाली राहायला जातोय."