मोडक्या लोखंडाचे दानियलकाका

दानियलकाका तुमच्या घरी आले की तब्येतपाणी काही विचारत नाहीत. दारातूनच हाक येते, "काही मोडलं काय हो?" नाही म्हटलं की चेहरा असा पडतो, जणू आपण त्यांना उपाशी परत पाठवतोय.

एसटीच्या गाड्या दुरुस्त करता करता काका रिटायर झाले. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करतात, पण बनवतात फक्त क्रूस, तेही लोकांच्या घरच्या मोडक्या लोखंडाचे. आमच्या गावातल्या जुन्या लुथरन चर्चची बाहेरची दगडी भिंत त्यांनी या क्रुसांनी भरून टाकलीय. कुणाची सायकलची चेन, कुणाचा विळा, आमच्या आईचा अडकित्ता.

माझ्या भावाच्या लग्नात आहेराचं लोखंडी कपाट त्यांनी बोटानं वाजवून पाहिलं. "माल चांगला हाय," उसासा टाकून म्हणाले, "पण मोडाले लय वर्षं लागतीन." नवरी घाबरलीच.

गेल्या नाताळाआधी चर्चला रंग द्यायचा ठरला. कमिटीचे नवे सेक्रेटरी म्हणाले, "आधी हे भंगार उतरवा." काका शिडी घेऊन आले, वर चढले आणि पहिल्या क्रुसाला हात घातला. तोच समोरच्या भाजीच्या गाडीवरून गोदाकाकू कडाडल्या, "ओ दानियलभाऊ! माह्या सासूचा विळा हाय तो. काऊन काढून राह्यले?"

गोदाकाकू दर गुरुवारी शेगावला जाणाऱ्या. त्यांचा आवाज ऐकून चेनवाले आले, आमची आई पदर खोचून आली. सेक्रेटरी गडबडले. "अहो बाई, पण तुम्ही आपल्या चर्चच्या नाही!"

"मी नसन," गोदाकाकू म्हणाल्या, "विळा हाय ना!"

सेक्रेटरींनाच हसू फुटलं. रंगाऱ्यानं बिचाऱ्यानं एकेका क्रुसाच्या कडेनं ब्रश फिरवला. काका शिडीवरच बसून सगळ्यांकडे बघत होते, लाजल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दिलेले लाडू घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. काकांच्या पत्नी सुमनकाकूंना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. मी डोकावलो. मशीनवर ना कापड, ना दोरा. काका नुसतेच पाय हलवत होते.

मला पाहून ओशाळले. "सुमनची मशीन. रोज घडीभर चालवतो बापा. मले शिवता येत नाही, पण आवाज आला की वाटते, घरात कोणी हाय."

मी डबा ठेवला, खुर्ची ओढली.

"चालवा काका. मी बसतो थोडा वेळ."