वसंत वाईट निघत नाही

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले वसंतराव दारात आलेल्या माणसाला आधी नाव विचारतात. खांद्यावर सिलिंडर घेऊन माणूस धापा टाकत उभा, आणि हे म्हणणार, "नाम क्या मियाँ?" तो 'वसंत' म्हणाला, की चहा, बिस्किट आणि पंख्याखालची खुर्ची. दुसरं काही म्हणाला, तर नुसता चहा.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ आपल्या नावावर तासभर बोलू शकतो. "अहो, ऋतूचं नाव आहे हे!"

"शरद, हेमंत, शिशिरही आहेत की," मी एकदा म्हणालो.

"आहेत. पण ऋतुराज कोण?"

बेगम बाजारात त्यांना 'बसंतभाई' म्हणतात. तेही त्यांना चालतं. नाव उर्दूच्या दारातून गेलं तरी फुलं तीच, म्हणतात. थोर वसंत त्यांना तोंडपाठ आहेत. अफझलगंजला चष्म्याची काडी फुकट बसवून देणारा एक, विहिरीत उतरून शेळी काढणारा एक वर्गमित्र. "वसंत वाईट निघत नाही," हे पालुपद.

गेल्या वर्षी नल्लकुंट्यात एक स्कूटरचोर पकडला गेला. नाव निघालं वसंत! आम्ही सगळे वसंतरावांकडे बघायला लागलो. ते घरात गेले आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाले.

"काय बोललात त्याला?"

"कायकू किया बाबा, म्हटलं. नाम की तो लाज रखना था. रडला हो. मग जेवला."

यंदा खालच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब राहायला आलं. सुनेचं नाव वसंता. तेलुगूत हे बाईमाणसाचंही नाव असतं. वसंतराव खट्टू होतील, असं मला वाटलं होतं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. खालून सासूबाईंनी सुनेला इकडे ये म्हणून हाक मारली, "वसंता! ओ वसंता, इटु रा!"

बोलता बोलता वसंतराव थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "ओ."

मी बघतच राहिलो. ते ओशाळून हसले.

"आई अशीच हाक मारायची. ती गेल्यापासून मी सगळ्यांचा साहेब, काका, अंकल. हिनं तर जन्मभर 'अहो'च म्हटलं, आणि आता तीही नाही. नुसतं 'वसंता' म्हणणारं कुणी उरलंच नाही बघा."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ती खिडकी जरा उघडता का?" ते म्हणाले. "पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही."