तळाचं कालवण

"हात काढ. आधी हात काढ त्या टोपावरून. उकळी फुटली नाय आन् कोलंबी टाकतोस?"

जनू तांडेल ओरडत होता. आमच्या टेबलावर नव्हे, शेजारच्या. तिथं कारखान्यातले दोन तरुण इंजिनिअर बिचारे शांतपणे जेवायला आले होते. त्यांचे चिमटे हवेतच राहिले. जनूचा आवाज भर समुद्रात, वारा उलटा असताना, पुढच्या होडीला ऐकू जावा म्हणून घडवलेला. बोईसरच्या त्या एसी हॉटेलात तो फुटला तेव्हा पार पलीकडच्या कुंभवली गावातल्या बायकांनीही घाईघाईनं गॅस बंद केले, हे मी छातीठोक सांगतो.

हॉटेल नवं, थाई स्टीमबोटचं. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर रश्शाचं पातेलं, भोवती कच्चे मासे, कोलंबी, माकूल, भाजी. आपणच शिजवायचं, आपणच खायचं, आणि वर बिलही आपणच द्यायचं.

जनू माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याची खोड एकच. कुठंही पातेलं उकळत असलं की त्याचा ताबा तो घेतो. माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं आचाऱ्याच्या हातातला डाव काढून घेतला. आचारी शेवटी पाहुण्यांच्या पंगतीत जेवला आणि जाताना आहेर करून गेला. एकदा कोळगावच्या कचेरीत सातबाऱ्याच्या कामाला गेला, तर बाहेरच्या टपरीवाल्याला बाजूला सारून यानंच चहा उकळला. त्या दिवशी आत फायली आपोआप हलल्या म्हणतात.

त्याचाही दोष नाही. जन्मभर होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. खलाशी जेवायला बसले की टोपातलं कालवण वाढणार तोच. सगळ्यांना आधी, स्वतःला शेवटी. आता खलाशी एकेक करून कंपनीत लागले, आणि वाढायची सवय तेवढी हातात राहिली.

त्याला इथं आणलं होतं ते एका कामासाठी. काम त्याच्या मुलाचं, नितेशचं.

"काका, तुमीच विचारा," नितेश म्हणाला होता. "आई गेल्यापासून होडी वाळूवर पडून हाय. फळ्या फाटायला लागल्या. गिऱ्हाईक आलंय, त्याला आज सांगायचंय. मी विषय काढला की बाबा उठून जातात."

मी म्हटलं, जेवताना विचारतो. जेवणावरून जनू उठल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

पण विचारायला फट मिळेल तर ना. वेटरनं रश्शात लेमनग्रास असल्याचं सांगितलं. जनूनं वास घेतला. "ही गवती चाय. सर्दी झालीय का कोनाला हितं?" मग माशाचे गोळे आले. एक उचलून त्यानं माझ्यापुढं उजेडात फिरवला. "सदा, हा मासा कंचा रं? याला डोकं नाय, शेपूट नाय, काटा नाय. हा पोहत कसा असंल?"

"अंकल, कोलंबी दो मिनट में निकालते हैं," वेटर म्हणाला.

"कच्चा खाएगा तो पेट में तैरेगा," जनूनं त्याला गप्प केलं.

मग तो उभा राहिला. मला वाढलं. शेजारच्या इंजिनिअरांच्या वाट्या मागवून घेतल्या, त्यांना वाढलं. वेटर नको नको म्हणत असताना त्यालाही एक वाटी धरायला लावली. सगळे फुंकर घालत जेवायला लागले तेव्हा कुठं स्वतःला दोन डाव घेतले आणि खाली बसला.

जेवण उरकलं. वेटर पातेलं उचलायला आला. जनूनं तापलेल्या कडेवर तसाच हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. तळाचं हाय."

वेटरला काही कळलं नाही. मला कळलं.

होडी किनाऱ्याला लागली की नितेशची आई, हौसावहिनी, मासळी उतरवायला यायच्या. टोपल्या भरून झाल्या की ओल्या वाळूत बसून होडीवरचा तो काळाकुट्ट, पोचे पडलेला टोप पुढ्यात घ्यायच्या आणि तळाचं कालवण बोटांनी पुसून खायच्या. घरादाराला, आल्यागेल्याला आयुष्यभर रांधून घातलेली बाई. दुसऱ्याच्या हातचं तिला मिळायचं ते तेवढंच. जनू चांगल्यातली कोलंबी मुद्दाम तळाला दडवायचा आणि वरून ओरडायचा, "संपव गे उरलंसुरलं. टोप घासायला बरा."

शेगडी बंद झाली होती. पातेल्याच्या तळाशी मोठाल्या दोन कोलंब्या होत्या. जनू त्यांच्याकडे बघत बसला. शेजारचे इंजिनिअर उठताना त्याला हात जोडून गेले, तेही त्याला दिसलं नाही.

"निवलं," तो म्हणाला. इतका हळू आवाज या माणसाकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी विचारलं, "जनू, होडीला गिऱ्हाईक आलंय. नितेशला आज उत्तर द्यायचंय. काय सांगू?"

त्यानं कागदी रुमाल घेतला. डाव पुसला, दांडा पुसला, आणि डाव पातेल्याशेजारी सरळ ठेवला.

"विक म्हनावं," तो म्हणाला. "टोप नाय द्यायचा."